नाइकाच्या घरची तलवार

तलवार दाखवायची कल्पना बहिरूची. पुढं लोकांनी त्याची समजूत घालायला नाना गोष्टी सांगितल्या. साहेब लोकांनीच मागितली असेल, घरात वस्तू असली म्हणजे आज ना उद्या दिसणारच, असं काहीबाही. बहिरूनं त्यातलं काही मानलं नाही. साहेबांनी तलवार मागितली नव्हती. अशी वस्तू त्या घरात आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता.

बहिरू लहांगे टेलिफोन खात्यात लाईनमन होता. पंचवटीतल्या कुठल्या गल्लीत कुठला खांब आणि कुठल्या डब्यात कुठली वायर, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मूळ गाव हरसूलच्या पुढं, करंजपाडा. नोकरीसाठी नाशिकला आला आणि मखमलाबाद नाक्याजवळ दोन खोल्यांत राहिला. बायको सरुबाई घोटीकडची. मुलगी एकच, छाया. २००१ साली छाया मेडिकलला लागली, तेव्हा बहिरूच्या ऑफिसात पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पेढे वाटले गेले, कारण पहिल्या दिवशी दोन माणसं रजेवर होती.

छायाला जागा मिळाली ती अनुसूचित जमातीतून. कॉलेजनं प्रवेश तात्पुरता दिला आणि सांगितलं, व्हॅलिडिटी आणून द्या. म्हणजे तुम्ही खरोखर त्याच जमातीचे आहात, असं पडताळणी समितीचं पत्र. बहिरूला त्यात अवघड काही वाटलं नाही. आपण महादेव कोळी, बाप महादेव कोळी, आजा महादेव कोळी. पण शाळेचे जुने दाखले काढले तेव्हा घोळ दिसला. बहिरूच्या बापाच्या नावापुढं गुरुजींनी नुसतं 'हिंदू कोळी' लिहिलं होतं. नुसतं कोळी म्हटलं की नदीत, समुद्रात मासे धरणारेही आले, आणि ते जमातीत धरले जात नाहीत. डोंगरातले महादेव कोळी धरले जातात. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी एका गुरुजींनी एक शब्द लिहायचा कंटाळा केला होता. आता तो शब्द सिद्ध करायचा होता.

समितीचं पत्र आलं. मूळ गावी घरी येऊन चौकशी होईल, कुटुंबातल्या जाणत्या माणसांनी हजर राहावं.

बहिरू आदल्या रविवारीच करंजपाड्याला गेला. तिथं त्याचा थोरला भाऊ गोटीराम शेती बघत होता. भात, नागली, थोडी वरई. छाया त्याला मोठे बाबा म्हणायची, बहिरू दादा म्हणायचा आणि पन्नाशीला आला तरी त्याच्यासमोर खाटेवर बसायचा नाही.

"दादा, तलवार काढून ठेव," बहिरू म्हणाला.

"कशाला?"

"दाखवू त्यांना. आपल्याकडं कागद नाय. तलवार तर हाय."

गोटीरामानं माळ्याकडं पाहिलं. "ती दसऱ्याला निघते," तो म्हणाला. "मधी कधी काढली नाय."

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय दादा. एवढा पुरावा कुणाकडं हाय? कोळ्यांच्या नाइकाची तलवार कोळ्यांच्याच घरात असणार ना?"

बहिरू शिकलेला होता, शहरात राहत होता, साहेबांशी बोलत होता. गोटीरामानं माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेली लांबट वस्तू खाली काढली आणि भावाच्या हातात दिली.

ती तलवार साधी नव्हती. बहिरूच्या घराण्यात कोणे एके काळी नाइकी होती. डोंगराच्या वाटेवर सात गावांची राखण, आणि त्या राखणीची पन्नासेक माणसं नाइकाच्या हुकमात. राज्यं गेली, राखण गेली, नाइकी नावापुरती उरली आणि ही तलवार उरली. बहिरूला नोकरी लागली त्या वर्षी दसऱ्याला त्यानं हौसेनं भद्रकालीतल्या मन्सूर शिकलगाराला, हत्यारांना धार-पाणी करणाऱ्याला, गावी नेलं होतं. मन्सूरमियाँनं दोन दिवस बसून पात्यावरचा गंज काढला, मग हिराकशीचं पाणी करून बोळ्यानं पात्यावरून फिरवलं. बघता बघता पात्यावर रेघा उमटायला लागल्या. काळ्या आणि पांढुरक्या, शेजारी शेजारी, वाळूवरून ओढ्याचं पाणी गेल्यावर उमटतात तशा.

"नायकसाब, ये सकेला है," मन्सूरमियाँ म्हणाला होता. "दोन जातीचं लोखंड. एक कडक, एक नरम. एकावर एक ठेवायचं, भट्टीत लाल करायचं, ठोकायचं, दुमडायचं, परत ठोकायचं. कडक असतं ते धार धरतं, नरम असतं ते पात्याला मोडू देत नाय. असलं पातं शिपाई माणसाच्या हातात नसायचं."

हे मात्र गावात आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. करंजपाड्यात आणि आसपास आणखी सहा-सात घरांत जुनी हत्यारं होती. नाइकाच्या हाताखालच्या चौघांची पाती साधी, मुठी पितळी. बाकीच्यांची नुसती लोखंडी पट्टी आणि लाकडाची मूठ. रेघांचं पातं आणि चांदीच्या तारांची मूठ एकाच घरात. दसऱ्याला आधी ही तलवार पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, मग बाकीच्यांनी आपापली आणून तिच्या डाव्या हाताला मांडायची. लग्नात पहिला टिळा या घराला. या घरातली लेक लाकडी मुठीच्या घरात द्यायची नाही. ती दहा-बारा कोसांवरच्या दुसऱ्या नाइकाच्या घरीच जायची, आणि सूनही तिकडूनच यायची. सरुबाई तशीच आली होती.

फेब्रुवारीत जीप आली. एक पोलीस इन्स्पेक्टर आणि एक संशोधन अधिकारी बाई. बहिरू धरून बसला होता की खडूस माणसं येतील, उलटसुलट विचारतील. बाई तर फार चांगल्या निघाल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, हातात जाड वही. अंगणात चपला काढल्या, सरुबाईनं दिलेलं पाणी प्यायल्या, आणि गोटीरामाला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बसा ना. तुम्ही उभे आणि मी बसलेय, बरं दिसत नाही."

कुलदैवत विचारलं, आडनावं विचारली, वाघबारस कशी करता ते विचारलं. गोटीरामानं सांगितलं, पण दोन शब्द बोलून तो थांबायचा, आणि बहिरू पुढचं सांगायचा. बाईंनी सरुबाईला लग्नातली गाणी विचारली. सरुबाईला वीसतरी गाणी येत होती. पण समोर पोलीस बसलेला, दारात जीप उभी. तिनं पदर तोंडाला लावला.

"आता तसलं काही राहिलं नाही, मॅडम," बहिरू तिच्या मदतीला धावला. "आमच्याकडं लग्नाला भटजी असतात. सुधारणा झालीय."

बाईंनी लिहून घेतलं.

मग बहिरू म्हणाला, "मॅडम, एक वस्तू दाखवायची होती."

फडकं सोडलं, तलवार म्यानातून निघाली आणि बाई जागेवरून उठल्याच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पातं उजेडात तिरपं धरायला सांगितलं. "अहो, हे तर दुहेरी पोलाद आहे," त्या म्हणाल्या. "मी म्युझियममध्ये काचेआड पाहिलंय. घरात पहिल्यांदाच पाहतेय. कोणाची ही?"

मग बहिरू बोलायचा थांबेचना. आयुष्यात पहिल्यांदा एक शिकलेली, सरकारी अधिकारी बाई त्याच्या घराण्याची गोष्ट इतक्या आवडीनं ऐकत होती. त्यानं सात गावं सांगितली. पन्नास माणसं सांगितली. मन्सूरमियाँचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे इतर कोळी कुटुंबांकडे असं पातं नव्हतं?"

"छे! त्यांना धरायचीसुद्धा परवानगी नव्हती. त्यांची लाकडी मुठीची. आमचा आजा रस्त्यानं गेला तर ती माणसं पायातलं काढून बाजूला उभी राहायची."

"आणि सोयरीक? त्यांच्याशी होते?"

"कधीच नाही, मॅडम. आमची सोयरीक नाइकाघरीच."

दाराशी उभ्या सरुबाईनं दोनदा खाकरून पाहिलं. बहिरूचं लक्ष नव्हतं. गोटीराम खाली बघून काडीनं जमिनीवर रेघोट्या ओढत होता. बाईंची वही भरत चालली होती. शेवटी त्यांनी सगळं वाचून दाखवलं, बहिरूनं सही केली, गोटीरामानं अंगठा दिला. निघताना बाई म्हणाल्या, "जपून ठेवा हं ही. फार मोलाची आहे."

जीप वळणाआड गेल्यावर बहिरू भावाला म्हणाला, "काम झालं बघ."

सरुबाई आत भांडी आवरत होती. तिथूनच म्हणाली, "अवो, ते पायातलं काढायचं कशाला सांगितलं?"

"खोटं सांगितलं का?"

"खोटं नाय," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी अहवालाची नक्कल आणि नोटीस एकदमच आली. बहिरूनं ती ऑफिसात उभ्या उभ्या वाचली, मग जिन्याखाली जाऊन पुन्हा वाचली. अर्जदाराचं कुटुंब स्वतःस नाईक म्हणवतं. कुटुंबाकडे दुहेरी पोलादाची, चांदीचं तारकाम असलेली तलवार असून तसं शस्त्र बाळगण्याचा मान परिसरातील इतर कोळी कुटुंबांना नव्हता, असं अर्जदाराच्या वडिलांनी स्वतःहून सांगितलं. इतर कोळी कुटुंबांशी बेटीव्यवहार नाही. विवाहविधी ब्राह्मण पुरोहिताकडून. जमातीची पारंपरिक गाणी घरातील स्त्रीस सांगता आली नाहीत. राहणीमान व दर्जा जमातीच्या वैशिष्ट्यांशी जुळत नाही. सबब महादेव कोळी जमातीशी आप्तभाव आढळून येत नाही. आपला दावा अवैध का ठरवू नये, याचा खुलासा करावा.

अहवालात एकही शब्द खोटा नव्हता. कुणावर रागवायचं, हेच बहिरूला कळेना. बाईंनी त्याच्या तोंडचं तेवढंच लिहिलं होतं.

त्याला एकच मार्ग दिसला. करंजपाड्याच्या खालच्या अंगाला अंबूबाईचं घर होतं. लाकडी मुठीचं घर. तिच्या नातवाला, ज्ञानेशला, तीन वर्षांपूर्वी व्हॅलिडिटी मिळाली होती आणि तो फॉरेस्टात लागला होता. अंबूबाईनं आणि ज्ञानेशनं लिहून दिलं की हे लहांगे आणि आम्ही एकाच जमातीचे, तर समितीला मानावं लागेल.

अंबूबाई अंगणात सुपानं वरई पाखडत होती. सत्तरी उलटलेली, नजर चांगली. बहिरूला पाहून ती उठायला लागली.

"बसा मावशी, बसा," बहिरू घाईनं म्हणाला.

"नाईकबा आले आन् मी बसू व्हय?" ती उठलीच. तिनं घोंगडी अंथरली. बहिरू तिच्यावर बसला नाही, खाली जमिनीवर बसला. अंबूबाईला ते आवडलं नाही, पण तीही मग बसली.

बहिरूनं सगळं सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती.

"आता तुमचं आमचं एकच की नाही, मावशी? वाघबारस एक, देव एक, मयताचं एक."

"एकच," ती म्हणाली. "दुसरं काय असणार?"

"मग तेवढं लिहून द्यायचं."

"लिहिते की. पण नाईकबा, त्यांनी मला इचारलं, तुमची पोर त्यांच्या घरात दिलीय का, त्यांची तुमच्यात आलीय का, तर मी काय सांगू?" तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. "माझी थोरली नणंद तुमच्या चुलत्याला दिसायला आवडली व्हती. लय वर्षं झाली. तुमच्या आज्यानं त्याला खांबाला बांधला व्हता."

ही गोष्ट बहिरूनं लहानपणी ऐकली होती. घरात ती हसून सांगायचे.

तेवढ्यात ज्ञानेश आला. खाकी पँट, पायात बूट. त्यानं ऐकून घेतलं आणि उंबऱ्यावर बसत म्हणाला, "काका, मला माफ करा. मी सही नाय देणार. आजीला पण द्यायला नका सांगू."

"अरे, खोटं थोडंच सांगायचंय?"

"खोटं नाय. पण तुमच्या फाईलला माझा कागद लागला आन् त्यांनी माझीच फाईल परत उघडली तर? माझ्या आज्याचा दाखला बघितला का तुम्ही? त्याच्यावर पण नुसतं कोळीच लिवलंय. माझं घर बघून त्यांनी पास केलं. कुडाच्या भिंती, लाकडी मुठीचा गंजका तुकडा. साहेब म्हणाला, बरोबर हाय." त्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या. "माझं लगीन ठरलंय काका."

त्याच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं, हे बहिरूला दिसत होतं. अंबूबाईनं चहा केला. तो त्यानं घेतला. त्या घरात त्यानं घेतलेला तो पहिला चहा, आणि हे तिघांच्याही लक्षात आलं होतं.

सरुबाईच्या माहेरी, घोटीकडं, विचारून झालं. तिकडं कोणी व्हॅलिडिटी काढलीच नव्हती. ती माणसं भात लावण्यात आणि भात विकण्यात रमलेली, त्यांना त्या कागदाची गरज पडली नव्हती. ज्यांच्याशी सोयरीक होती त्यांच्याकडं कागद नव्हता, आणि कागद होता त्यांच्याशी सोयरीक नव्हती.

सुनावणी लागायला वर्ष गेलं. तोवर छाया पहिलं वर्ष पास झाली. सुट्टीत आली की शरीराची चित्रं भिंतीला लावून पाठ करायची. बहिरू तिला म्हणायचा, तू अभ्यासाचं बघ, हे माझं काम.

एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही त्यांना सगळं खरंच सांगितलंत ना?"

"हो."

"मग झालं. खऱ्याला कशाला घाबरायचं?"

सुनावणीला तो गोटीरामाला घेऊन गेला. गोटीरामानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी नवी होती. खोलीत लांब टेबल, पलीकडं तीन अधिकारी, मधल्या साहेबांपुढं फाईल. कुणीही आवाज चढवला नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे?"

बहिरूनं घरी दहा वेळा घोकलेलं म्हटलं. "साहेब, आमचा पूर्वज नाईक होता, पण कुणाचा नाईक? कोळ्यांचाच ना? महादेव कोळ्यांचा नाईक महादेव कोळीच असणार."

"तो महादेव कोळ्यांचा नाईक होता याचा पुरावा?"

"तलवार, साहेब."

"तलवारीवर जमात लिहिलेली आहे का?"

साहेब चेष्टा करत नव्हते, फाईलमध्ये लिहायला त्यांना काहीतरी हवं होतं. ते म्हणाले, "अहवालाप्रमाणे ते शस्त्र वरच्या दर्जाच्या माणसाचं आहे. तुम्हीच तसं सांगितलंय. इतर कोळी तुमच्यापुढं पादत्राणं काढत. मग एका जमातीचे कसे?"

बहिरूनं फाईलकडं पाहिलं. आणि मग, आधी मनात नसलेलं, त्याच्या तोंडून निघून गेलं.

"साहेब, ती तलवार आमची नाही."

मागं गोटीरामाची खुर्ची करकरली.

"आमची नाही," बहिरू पुढं बोलतच राहिला. "कुणीतरी ठेवायला दिलेली. आम्ही साधीच माणसं. लाकडी मुठीचीच. मी आपलं मोठेपणासाठी बोललो."

साहेबांनी पान उलटलं, फाईल त्याच्याकडं फिरवली. "ही सही तुमची?"

"हो."

"मग तेव्हाचं खोटं की आत्ताचं?"

दोन्हीकडून दार लागलं होतं. गोटीराम उठून उभा राहिला. "साहेब," तो म्हणाला, "तलवार आमचीच हाय. आन् आमी महादेव कोळीच हाओत. दोनी खरं."

"बाबा, तुम्हाला विचारलं की बोला."

गोटीराम उभाच राहिला. त्याला कुणीच काही विचारलं नाही. जबाब टाईप होईपर्यंत तो तसाच उभा होता, मग शिपायानं त्याचा हात धरून अंगठ्याला शाई लावली.

बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला दोघं भाऊ बराच वेळ थांबले. हरसूलची गाडी दुपारची होती. बहिरू म्हणाला, "दादा, मी मुद्दाम नाय..."

"जेवला का सकाळी?" गोटीरामानं विचारलं.

"नाय."

"मंग चल, काय तरी खाऊ."

त्या दसऱ्याला बहिरू गावी गेला नाही. गेला असता तर गोटीरामानं नेहमीसारखंच त्याला पाटाशेजारी बसवलं असतं, आणि तेच त्याला नको होतं.

निकाल दिवाळीनंतर आला. दावा अवैध. वकील म्हणाले, हायकोर्टात जाता येईल, जाऊ. गेले. अर्ज दाखल झाला, तातडीची स्थगिती मात्र मिळाली नाही, कारण वडिलांनी समितीपुढं परस्परविरोधी जबाब दिले होते. ते वाक्य वकिलांनी बहिरूला इंग्रजीतून वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं. बहिरूला इंग्रजीतच कळलं होतं.

कॉलेजनं प्रवेश रद्द केला. छायाला आणायला तो एकटाच गेला. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कनं तिचे मूळ दाखले मोजून हातात दिले, तीन ठिकाणी सह्या घेतल्या. "वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "हुशार पोरगी." होस्टेलवर छायानं सामान बांधून ठेवलं होतं. अभ्यासाला घेतलेली हाडांची पेटी तिनं खोलीतल्या मैत्रिणीला, मृण्मयीला, दिली. मृण्मयी रडत होती. छाया तिला सांगत होती की मणक्याची हाडं क्रमानं लावलीत, ओतताना मिसळू देऊ नकोस.

एस.टी.त गर्दी नव्हती. कंडक्टर गप्पिष्ट होता. वळकटी आणि पुस्तकांचं खोकं बघून म्हणाला, "कॉलेजला सुट्टी लागली वाटतं?"

"हो," बहिरू म्हणाला.

छायानं त्याच्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं तोंड केलं. तासाभरानं तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही तलवार आपली नाही असं का म्हणालात?"

तिला कुणी सांगितलं ते बहिरूनं विचारलं नाही. "मला वाटलं, त्यानं तुझी जागा वाचेल."

"मोठ्या बाबांसमोर?"

"हो."

तिनं पुन्हा खिडकीकडं तोंड केलं. ती रागावली असती, ओरडली असती, तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. सिन्नर गेलं तेव्हा तिला झोप लागली होती. खोकं सीटवरून घसरत होतं म्हणून बहिरू नाशिक येईपर्यंत ते गुडघ्यानं दाबून बसला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. तक्रारींच्या चिठ्ठ्यांत पहिलीच पेठ रोडवरच्या बाळंतपणाच्या एका दवाखान्याची होती. फोन दोन दिवस बंद. खांबावर चढून त्यानं वायर जोडली, मग आत जाऊन डायल टोन तपासला. टेबलापलीकडं एक तरुण डॉक्टरीण बसली होती, छायाहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं त्याच्यासाठी पाणी मागवलं.

"बरं झालं बाई तुम्ही लवकर आलात. पेशंटचे नातेवाईक दोन दिवस हेलपाटे घालतायत." रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत तिनं सहज विचारलं, "काका, मुलं काय करतात तुमची?"

"एकच मुलगी आहे," बहिरू म्हणाला.

"शिकते?"

त्यानं ग्लास खाली ठेवला, चिठ्ठी पुढं केली. "इथं सही लागेल, मॅडम. लाईन चालू झाली म्हणून."